सरकवलेली खुंटी

बोअरच्या मशीनमधून उडणारी दगडाची धूळ नाकात गेली, की लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचं एक दुष्काळी शेत डोळ्यांसमोर येतं.

भूजलाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या सरांनी तिथे बोअरसाठी खुंटी ठोकली होती, शेतातल्या समाधीला खेटून. समाधीची पूजा करणाऱ्या जंगमअप्पांनी हात जोडले, म्हणून मी सरांना न सांगता ती बांधाकडे सरकवली. बोअर कोरडा गेला.

"पाणी हाय म्हनला व्हतास की सायबा. घे, पी ही धूळ," म्हणत गावातल्या एकाने सरांच्या तोंडावर कुदळीचा दांडा मारला. दात रक्तासकट मातीत पडले, तरी लाथा थांबेनात. खुंटी सरकवल्याचं ना अप्पांनी सांगितलं, ना मी.

त्या बोअरवरून सरांनी शोधनिबंधात लिहिलं, या खडकात पाणी नाही. अभ्यासक आजही त्याचाच आधार घेतात. काल माझ्या विद्यार्थिनीनेही प्रबंधात घेतला.

"बरोबर आहे ना, सर?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.