पोट लपवणारी जीन्स

सुले, अशी जवळ असतीस ना, तर तुझा कानच धरला असता. बावन्नाव्या वर्षी पहिली जीन्स घ्यायला निघालीस आणि फोनवर मला विचारतेस, "मावशी, कुठल्या जीन्समध्ये मी बारीक दिसेन?" अगं, हा काय प्रश्न झाला?

काल दुकानात तुझ्याच वयाची एक बाई पाहिली. सरळ, सैल पायांची निळी जीन्स घालून आरशासमोर उभी होती. हल्ली तशाच चालतात म्हणे. स्वतःकडे बघून छान हसत होती. तेवढ्यात दुकानातली मुलगी म्हणाली, "काकू, त्यापेक्षा ही काळी घ्या. हिच्यात पोट लपतं." झालं, हसू तिथंच मावळलं. काळी घालून ती बाहेर आली, तर चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना. शेवटी मी लावून दिला. तर मलाच सॉरी म्हणाली, आणि तीच काळी घेऊन गेली!

शी! अजून किळस येतेय मला त्या 'लपतं'ची. आपली पोटं काय चोरीचा माल आहेत? पोट राहिलं तिथंच, ती हसणारी बाई मात्र लपली.

तू त्या ट्रायलरूममध्ये खुशाल खाली मांडी घालून बघ. श्वास न कोंडता बसता आलं, की तीच तुला शोभते म्हणून समज. आणि वरून कुर्ता ओढत बसू नकोस.

रविवारी तीच घालून ये. पाट मांडून ठेवते. तव्यावरचं थालीपीठ थेट ताटात वाढीन.