क्लचवरचा हात

आमच्या गल्लीत मशीनवाल्या काकूंना सगळे मागून चिकटपट्टी म्हणत. बाई पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण मोटारसायकलवर बसली की नवऱ्याला अशी बिलगायची, जणू कालच लग्न झालंय. डावा हात त्यांच्या काखेखालून पार पुढे, हनुवटी खांद्यावर. नाक्यावरची पोरं खोकायची. काकू समोर बघत राहायच्या, फक्त कान लाल व्हायचे. गल्लीला दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळतं म्हणतात ते साफ खोटं आहे. तो पुढे गेलेला हात नेमका कुठे जातो, हे आमच्यापैकी एकानेही कधी नीट पाहिलं नाही. आम्ही हसण्यात गुंतलो होतो.

काका शिवणाची मशीनं दुरुस्त करायचे, घरोघरी आणि शिलाईच्या कारखान्यांत. लेकीचं लग्न होऊन ती सासरी गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका कारखान्याच्या जिन्यावरून मशीन उतरवताना ते मशीनसकट खाली आले. मानेजवळची नस गेली. डावा हात दिसायला धडधाकट, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. काकांनी काकूंना गळ्याची शपथ घातली, की बाहेर कोणाला कळता कामा नये आणि लेकीला तर नाहीच. एका हाताच्या कारागिराला काम कोण देणार, आणि लेकीच्या सासरी तरी काय म्हणतील?

तेव्हापासून काकू हत्यारांची पेटी घेऊन बरोबर जाऊ लागल्या. काका उजव्या हाताने स्क्रू फिरवत, काकू मशीन धरून ठेवत. गिऱ्हाइकांना वाटे, बाई हौसेने काम शिकतेय.

राहिली गाडी. गाड्या बनवणाऱ्यांनी कोणाला न विचारता ठरवून टाकलंय: उजव्या हाताला वेग आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर. उभ्या गाडीला क्लच न दाबता गिअर टाकला की ती उसळते आणि बसल्या माणसाला पाडते. क्लच उजवीकडे बसवून देणारे मिस्त्री असतात, बिनगिअरच्या स्कूटरही मिळतात. पण त्यासाठी कोणाला तरी हात दाखवावा लागला असता. काका तयार नव्हते. मग दोघं पहाटे उठून रिकाम्या मैदानावर गेली. काका "हं" म्हणत, काकू मागून क्लच दाबत, काकांचा पाय गिअर टाकी आणि काकू बोटं हळूहळू सोडत. सुरुवातीला दोघांचे गुडघे बरेच फुटले. पुढे मात्र "हं" कानावर पडायच्या आत बोटं मिटलेली असत, आणि काकांचा पायही त्या भरवशावर आपोआप जाई.

एक दिवस लेकीचा फोन आला. सासूबाईंनी दोघांना बाजारात पाहिलं होतं आणि घरी येऊन म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईबाबांचं बरंय बाई, अजून नवलाई उतरली नाही." घरात सगळे हसले होते. लेक आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आई, तू अशी मिठी मारून नको ना बसत जाऊस. मला लाज वाटते गं."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य काकूंच्या ओठांवर आलं आणि शपथेपाशी अडलं. लेकीचं बोलणं काकांना सांगावं, तर ते कोमेजले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

पुढच्या रविवारी लेकीकडे जेवायला बोलावणं होतं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी काकूंनी गाडी थांबवायला लावली. आत पोरं खेळत असतील, ढकलत नेऊ म्हणाल्या. काकांना नवल वाटलं, पण उतरले. फाटकात व्याही उभे. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तशी काकू पटकन म्हणाल्या, पेट्रोल संपलं. काका बायकोकडे बघतच राहिले. व्याही भला माणूस. त्यांनी लगेच स्वतःच्या स्कूटरमधलं पेट्रोल काढून काकांच्या टाकीत ओतलं. आता परत ढकलत जायलाही कारण उरलं नाही. काकूंना जेवण गोड लागलं नाही.

निघताना सगळे फाटकापर्यंत आले. लेकीने डब्यांची भरलेली पिशवी आणून आईच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "आई, ही मध्ये ठेव."

काकूंनी ती दोघांच्या मध्ये ठेवली आणि मागची दांडी धरून बसल्या. काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडी चालू केली आणि नेहमीसारखं "हं" म्हटलं. काकूंचा हात पिशवीवरून पुढे निघाला. समोर विहीणबाई हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. लेक बघत होती. हात मागच्या दांडीवर परत गेला.

काकांचा पाय मात्र गेला. गाडी उसळली, फाटकाच्या खांबावर आपटली आणि डाव्या अंगाला आडवी झाली. काकू बाजूला फेकल्या गेल्या, त्यांना फारसं लागलं नाही. काकांना हात टेकून सावरता आलं नाही, ते तोंडावरच पडले. व्याही धावले आणि उठवायला म्हणून त्यांनी काकांचा डावा हात धरला. तो ओल्या टॉवेलसारखा त्यांच्या हातात राहिला. व्याही थबकले.

"क्लच निसटला माझ्या हातून," काका घाईघाईने म्हणाले. ओठातून रक्त येत होतं. "माझीच चूक."

लेकीने पुढे येऊन बापाची बोटं आपल्या हाताने मिटवली. सोडल्यावर ती पुन्हा उघडली. तिने गाडीच्या डाव्या मुठीकडे पाहिलं, मग आईकडे. तिला काही सांगावं लागलं नाही. "आई, मी..." एवढं म्हणाली आणि पिशवी उचलून छातीशी धरून उभी राहिली.

हे सगळं काकूंनीच मला सांगितलं. मी लेकीला नावं ठेवायला लागले, तर त्यांनी मला तिथेच थांबवलं. "ती अजाण होती गं. मला तर माहीत होतं ना, 'हं' म्हटलं की यांचा पाय जाणारच. हे माझ्या भरवशावर होते आणि मी लोकांची तोंडं बघत बसले."

व्याह्यांनी गाडी उभी करून दिली. राहून जा, सोडायला येतो, असं ते परोपरीने म्हणत होते. काका नको म्हणाले. ओठ पुसून गाडीवर बसले, काकू मागे बसल्या. मध्ये आता काही नव्हतं. काकांनी गाडी चालू केली. या वेळी "हं" म्हटलं नाही. सगळ्यांदेखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात दे."

काकूंनी हात पुढे नेला, पण बोटं क्लचवर ठरेनात. काका रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. फाटकात सगळे बघत होते, आणि बायकोची बोटं मिटेपर्यंत काका चालू गाडीवर तसेच थांबून राहिले.