मंदाचा आठ जणांचा खेळ

श्रावणातली दुपार होती. मी आणि मंदा पडवीत टाकळ्याची भाजी निवडत होतो. तिच्या एका हातात फोन होता, म्हणजे निवडत मीच होतो.

"ओ, ऐकलंत काय? तुमचा बंड्या खेळात परत सोळा जण करतो म्हणतोय. त्याच्या मिरजोळ्याच्या कारखान्यातली माणसं घालणार."

मी म्हटलं, "घालू दे. तुझं काय जातंय?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माझा मुलगा जातोय," म्हणाली आणि हातातला देठ माझ्या मांडीवर टाकला. मग चहा झाला. "जरा पडते. उठले की बंड्याला झाडते," असं म्हणून ती आत गेली. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल. संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा भाजी तशीच सुपात पडलेली होती.

मंदा माझी बायको. माहेर वेळणेश्वरचं, मासेमारीचं घर. मी चिरेखाणीवर जन्म काढला. चौथीनंतर शाळा नाही, लिहायचा सराव नाही. पण तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार? लोक म्हणतात, सुगरण होती, देवभोळी होती. साफ खोटं. भात तिचा कायम मऊ व्हायचा, आणि देवळात ती बायकांशी बोलायला जायची. तिची खरी अक्कल कशात होती ते सांगतो. ती फँटसी फुटबॉलची लीग चालवायची.

हसायचं तर हसा, मीही हसलो होतो. आमचा महेश बोटीवर असतो, मोठ्या मालवाहू जहाजावर. अबोल माणूस. फोन केला की "बरा आहे", "जेवलो", संपलं. एका सुट्टीत तो घरी फुटबॉल बघत होता, मंदा शेजारी बसली आणि तिला गोडी लागली. मग त्यानंच तिच्या फोनवर हा खेळ घालून दिला. परदेशातले खरे खेळाडू आपण कागदावर असावेत तसे आपल्या संघात घ्यायचे. ते तिकडे मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. आणि आमच्या खेळात एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पाळीपाळीनं निवडायचं. दर आठवड्याला जोड्या लागतात, आज तुझा संघ माझ्या संघाशी. पैसे लावायचे नाहीत हा मंदाचा पहिला नियम.

तिला खेळाडूंची नावं धड म्हणता यायची नाहीत. गोलकीपरला ती राखणदार म्हणायची. बाकीचे म्हणजे टकलू, लांब मानेचा, रडका. "रडक्याला ह्या आठवड्यात बाहेर बसवते. पायाला लागलंय म्हणतात, नाटक असेल, पण कशाला जोखीम." जहाजावरून महेश विचारायचा, "आई, कुठला रडका?" आणि मग ती दोघं अर्धा अर्धा तास बोलायची. ज्या मुलाच्या तोंडून दोन शब्द निघायचे नाहीत तो हसायचा. मला बाहेर पडवीत ऐकू यायचं.

पहिल्या वर्षी चौघंच होती. मंदा, महेश, देवरूखला दिलेली आमची सुनंदा आणि पुतण्या बंड्या. चौघांत सगळ्यांनाच भारी खेळाडू मिळाले, डोकं चालवायची गरजच उरली नाही. त्यातून सुनंदा आणि बंड्या एका खेळाडूवरून भांडले, दोघांनी तोंडं फिरवली आणि लीग बसली. पुढच्या वर्षी बंड्यानं ती सोळांची केली. निवडीची पाळी परत येईपर्यंत चांगले सगळे संपलेले. मंदा म्हणाली, "माझ्याकडे आले ते सगळे बाकावर बसणारे. ह्यांची आई तरी ह्यांना ओळखते काय?" पण ते दुखणं वेगळं. त्या वर्षी मध्येच महेशचा संघ हलेना. पडलेले, जखमी खेळाडू तसेच ठेवलेले. सोळा माणसांच्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही, मंदाच्याही नाही. तो तापानं फणफणून जहाजाच्या खोलीत एकटा पडून होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या अंगावरचे कपडे ढगळ झालेले बघून आम्हाला कळलं.

त्यानंतर तिनं आठ केले. पहिले चौघं, सून म्हणजे बंड्याची बायको, जावई आणि तिचे दोन भाचे. बंड्या कुरकुरला, "काकी, जास्त माणसं असली की मजा येते."

"मेल्या, मजा पाहिजे तर जत्रेत जा. माझा बाप रापण ओढायचा. समुद्रात जाळं सोडायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोर खेचायचा. माणसं कमी पडली तर जाळं येत नाही. जास्त झाली तर निम्मे नुसते दोराला हात लावून उभे. बाप दोर हातात घेतला की सांगायचा, आज अमका आला नाही, बघून या रे घरी. न बघता सांगायचा. एवढीच माणसं पाहिजेत."

त्या वर्षी बंड्यानं ऐकलं. पण यंदा त्याच्या सोळांच्या खुळानं परत उचल खाल्ली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं चहा आणून दिला. सुनंदा आत पडून होती. बंड्या पडवीत बसला होता, डोळे सुजलेले. मंदाचा फोन वाजला. महेश. त्याला जहाजावरून येता आलं नव्हतं, बंदर लांब होतं. मी हिरवं दाबलं, बंड्यानं स्पीकर लावला. महेश म्हणाला, "बाबा, बंड्याला सांगा, माझं नाव काढ. उद्या निवड होती. आई नाही तर मी नाही ह्यात."

मी बंड्याकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "काका, काकी गेली, सात राहिले. सातांत जोड्या लागत नाहीत, दर आठवड्याला एक जण सुटा राहतो. महेश पण गेला तर काय राहिलं? बंद करतो. नाहीतर कंपनीतला एक घालू का?"

"कोणी घालायचा नाही," मी म्हटलं. "बंद पण नाही करायची. तेरावं होऊ दे, मग निवड लावा. सात म्हणजे सात."

"आणि सुटा राहील तो?" महेशनं तिकडून विचारलं. ऐकत होता.

"तो त्या आठवड्यात मला फोन करील. मला फुटबॉल कळत नाही, तेव्हा बाकीचं बोलावं लागेल. जमेल?"

पलीकडे तो रडला. मी रडू दिलं. मग म्हणाला, "जमेल."

मी बंड्याला तिथंच बसून सगळ्यांना तसं कळवायला लावलं. तिचा फोन मला चालवता येत नाही. हिरवं दाबलं की आवाज येतो एवढं कळतं. बंड्यानं तो चार्जिंगला कसा लावायचा ते दाखवलं. मी लावला आणि आवाज मोठा करून घेतला.