पारावरची पिवळी गोळी

धरणगावकडच्या निंबा आबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर जळगावात ऑपरेशनने निघाला, त्याला आता दीड वर्ष झालं. नंतर डॉक्टरांनी रोज घ्यायची एक पिवळी गोळी लिहून दिली. पुरुषपणाची नस दुखावली होती, तिथे रक्त खेळतं राहावं म्हणून. बाजूला त्यांची बायको सुनंदाबाई पदर तोंडाला लावून बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, "लाजू नका. लघवीचा त्रासही जरा कमी होईल. अशी गोळी घेणाऱ्यांच्या हृदयाला फायदा होत असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय, पण पक्कं नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने ही घ्यायची नाही. बीपी एकदम खाली जातं, माणूस जातो."

आबांनी यातलं सोयीचं तेवढं गावात आणलं. "काळीजनी गोळी शे," म्हणायचे. वर्षात माणूस सुधारला, मळ्यापर्यंत पायी जाऊ लागला, मग कोण शंका घेतो?

आता पारावरची रीत अशी, की तंबाखू जशी एकाची चौघांत फिरते तशा गोळ्याही फिरतात. गुडघ्याची ह्याची, पित्ताची त्याची. पारावरच्या उखर्डूने काळजाची म्हणून मागितली, आबांनी दोन दिल्या. नाही कसं म्हणायचं?

घरी सुनंदाबाईंनी पाकीट पाहिलं. "दोन गोळ्या कोठे गयात?"

"उखर्डूले दिन्ह्यात."

"अहो, त्याना खिशामा जिभखालनी गोळी शे ना!"

आबांच्या पायात वहाण नव्हती, तसेच निघाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पळाले असतील.

पारावर उखर्डूने गोळी तोंडात टाकून पाण्याचा तांब्या उचलला होता.

"थुक! थुक आधी!"

उखर्डूने हातावर थुंकली. ओली, पण अख्खी होती. "काय व्हयनं? तूच सांगस ना, काळीजले चांगली शे म्हणीसन?"

झिपरू, सुकदेव, सगळे बघत होते. आबांना वाटलं, काहीतरी थाप मारावी. पण दुसरी गोळी उखर्डूच्या खिशातच होती. थाप मारली, तर उद्या तीच घ्यायचा.

"बठ्ठा ऐका," आबा सगळ्यांना म्हणाले. "ही पुरुषपणानी गोळी शे. ऑपरेशनमुळे मनी ती नस गयी, म्हणून डॉक्टरनी दिन्ही. तुनी जिभखालनी गोळी आणि ही एकत्र गयी, तर तू मरशी."

मग झिपरू म्हणाला, "म्हणजे आबा वर्षभर काळीजनंच सांगत व्हता!" सगळा पार हसला. उखर्डूही हसला, पण लगेच खिशातली दुसरी गोळी काढून त्याने आबांच्या हातात ठेवली.

आबा घराकडे वळले. मागून सुकदेव आला. त्याचंही तेच ऑपरेशन झालेलं, दोन वर्षांपूर्वी. त्याबद्दल कधी कुणाशी बोलला नव्हता.

"आबा, तो डॉक्टर कोणत्या वारी बसस?"

"सोमवारी," आबा म्हणाले. "वहिनीले संगे लई जा."