पंच्याखालचा कीबोर्ड

रंगनाथराव भाले सरांकडे मी पहिल्यांदा गेले ती काही शिकायला नव्हे, मिरवायला. जालन्यात माझं टायपिंगचं छोटं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, कुणाचा कवितासंग्रह, जे येईल ते जुळवून द्यायचं. पहिल्या कमाईतून मी एक मेकॅनिकल कीबोर्ड घेतला होता. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, त्यात स्वतंत्र स्प्रिंग, आणि वरून रंगीबेरंगी दिवे. बियाणे कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कीबोर्ड तपासून देतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा कौतुक करून घ्यायला मी तो काखोटीला मारून त्यांच्या घरी दाखल झाले.

सरांनी दिव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आतून दुसरा कीबोर्ड आणला, मला पाठ फिरवायला लावली, दोन्हींवर पंचे टाकले आणि म्हणाले, "आता हात पंच्याखाली घाला आन् लिहा. कोणता चांगला वाटला ते सांगा." मी दोन्हींवर सवयीची वाक्यं बडवली आणि मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडचा दाखवला. हाच माझा, असंही वर सांगून टाकलं. तो सरांचा जुना निघाला, निम्मी अक्षरं पुसून गेलेला. मला राग आला. सरांना मात्र आनंद झाला होता. माझी फजिती झाली म्हणून नव्हे. तो जुना मला का आवडला असावा, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. चहा येईपर्यंत ते विचारत राहिले: करंगळीला काय वाटलं, स्पेसबार कडेला दाबला तर डुगडुगतो का, बोट उचलताना बटण बोटाबरोबर वर येतं की मागे रेंगाळतं. माझ्या बोटांना एवढं सगळं कळत असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सर मूळचे राजूरचे, शेतकरी कुटुंबातले. नोकरीची सारी वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासण्यात घालवली. तिथली शिस्त त्यांनी घरी आणली. पिशवीवरचं छापील चित्र पाहायचं नाही. नमुना वरून, मधून आणि तळातून घ्यायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, तपासणाऱ्याला न सांगता एकच नमुना दोन वेगळ्या क्रमांकांनी त्याच्यापुढे ठेवायचा. दोन निकाल जुळले नाहीत, तर दोष बियाण्याला द्यायचा नाही, तपासणाऱ्याला बाजूला बसवायचं. निवृत्तीनंतर त्यांचा पुतण्या घरी एक मेकॅनिकल कीबोर्ड विसरून गेला आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याविषयी वेगळंच बोलू लागला. सरांना स्वस्थ बसवेना. कीबोर्ड एक आणि मतं अनेक, तर तपासायचं कुणाला, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला तो आजतागायत सुटलेला नाही.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. प्रयोगशाळेच्या तराजूची छोटी पितळी वजनं ते एकेका बटणावर ठेवत जातात आणि बटण कधी खाली बसतं ते पाहतात. मधलीच बटणं नाहीत, सगळी; कोपऱ्यातलं, कधी कुणी न दाबणारंसुद्धा. आपल्याकडे जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिलची धूळ कुठेही पोचते, म्हणून कीबोर्ड काही दिवस खिडकीत उघडा ठेवतात आणि मग पुन्हा तपासतात. आवाजाची परीक्षा सरांच्या पत्नीकडे, आमच्या काकूंकडे असते. सर बाहेर टाइप करतात आणि स्वयंपाकघरातून काकू निकाल सांगतात. "डोकं उठलं" असा शेरा आला की त्यावर अपील चालत नाही.

एकदा परतूरकडच्या एका टायपिंग क्लासच्या संचालकांनी क्लाससाठी कीबोर्डांचा लॉट आणला. परीक्षा तोंडावर होती. सरांनी खोक्यांच्या थप्पीतून वरचा, मधला आणि तळाचा काढला. तळाच्या कीबोर्डाचं एक बटण एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटत होतं. एकच तर आहे, चालवून घेऊ, असं संचालकांचं म्हणणं पडलं. सर म्हणाले, "ज्या पोरीपुढं तो येईल, तिची सगळी परीक्षा त्या एकावरच हाये." लॉट परत गेला आणि संचालक बराच काळ सरांशी बोलत नव्हते. आज सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या याच गौरवग्रंथात त्यांचा सुंदर लेख आहे. त्यात हा प्रसंग नाही, म्हणून मी सांगून टाकला.

माझ्यावर सरांचा जो लोभ आहे, त्याचीही एक गोष्ट सांगते. एका लग्नसराईत माझी उजवी करंगळी इतकी दुखू लागली की धंदा बंद करावा लागतो की काय, असं वाटलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती कुठून आणायची हे काही सांगितलं नाही. सर एका सकाळी दुकानात येऊन बसले. कीबोर्डाकडे न पाहता नुसता माझा हात पाहत राहिले. मराठी टाइप करताना शिफ्ट सारखी लागते आणि ती मी करंगळीने दाबते. तेवढ्या एका बटणाची स्प्रिंग इतरांपेक्षा कडक होती. "अख्खा कीबोर्ड बदलायचा खर्चा कशाला करता," असं म्हणून त्यांनी तो एक स्विच उपसून काढला आणि स्वतःजवळचा मऊ स्विच तिथे बसवला. करंगळी हळूहळू सावरली. हा ग्रंथ मी त्याच कीबोर्डावर जुळवते आहे.

ग्रंथ मीच जुळवत असल्यामुळे सगळ्यांचे लेख माझ्या हाताखालून गेले. जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य आहे: सरांचं बोट कधी चुकत नाही. सरांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. बाकीच्यांच्या लेखांना हात लावू नका, म्हणाले, पण तुमच्या लेखात खरं काय झालं ते येऊ द्या. तेव्हा त्यांच्याच आज्ञेवरून पुढचं लिहिते आहे.

मधुमेहाने सरांच्या बोटांची टोकं बधिर होऊ लागली होती. चहाचा कप किती गरम आहे हे त्यांना ओठाला लावल्यावर कळायचं. काकूंना हे ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. एके दिवशी सर स्वतःच म्हणाले, "आता माझीच उगवण तपासायला पाह्यजे." मी कीबोर्ड मांडले असते तर त्यांना सोपे पडतील असेच मांडले असते. हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून मांडामांड काकूंकडे दिली आणि मला नुसतं लिहून घ्यायला बसवलं. पंच्याखाली कीबोर्ड येत गेले, सर बोलत गेले. एकाला ते म्हणाले, मऊ आहे, सगळी बटणं बराबर, पास. नंतर एकाला म्हणाले, खरखरतं, न्हाई चालायचं. काकूंनी पंचा उचलला. दोन्ही वेळा तोच कीबोर्ड होता.

मला रडू येत होतं. सरांनी हात मांडीवर ठेवले आणि बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नियम सगळ्यांना एक. मी बाजूला बसलो." त्या दिवसापासून दाराशी आलेल्या प्रत्येकाला ते सांगू लागले की माझं मत आता धरू नका, टायपिंगवाल्या ताईंकडे जा. मला त्या मानाचा बिलकुल आनंद झाला नाही. सरांच्या घरात ती पितळी वजनं डबीत पडून राहिली आणि काकू मला हळूच सांगायच्या की हे आजकाल जेवतानाही गप्प असतात.

अशात आष्टीला सेवा केंद्र चालवणारे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचीही बोटं बधिर झालेली. बटण दाबलं गेलं की नाही हे त्यांना कळेना, म्हणून ते पुन्हा दाबत आणि लोकांच्या दाखल्यांवर नावं चुकत. माझ्यासाठी कोणता कीबोर्ड चांगला, असं त्यांनी विचारलं. माझी बोटं धडधाकट आहेत. त्यांना काय जाणवत नाही, हे मला कसं कळणार? मी त्यांना घेऊन थेट सरांकडे गेले.

सरांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, चौकशीला निघालेली नजर आली. "म्हंजे आता माझ्यासारखंच बोट पाह्यजे," ते म्हणाले आणि काकूंना पंचे काढायला सांगितले. या वेळी प्रत्येक कीबोर्ड दोनदा ठेवायचा होता. ज्याच्याबद्दल त्यांचं बधिर बोट दोन्ही वेळा एकच सांगेल, तोच अशा बोटांशी नीट बोलतो असं धरायचं. ज्या परीक्षेने सरांना नापास केलं होतं, तिनेच आता ते कीबोर्ड तपासणार होते. बरेचसे नापास झाले. मला आवडलेले दोन त्यांत होते. मग एक जरा जड, दाबल्यावर स्पष्ट टिचकी देणारा आला. सर म्हणाले, ह्याचं कळतंय. पुढे आणखी काही आले, गेले. आणि मग एका पंच्याखाली हात घालून सर थांबले, हसले.

"ह्याला मघाशी भेटलो ना मी."

काकूंनी पंचा उचलला. तोच होता. आष्टीचे गृहस्थ आज त्याच कीबोर्डावर दाखले लिहितात, आणि बोटांची तक्रार असलेले लोक आता लांबून सरांकडे येतात. डबीतली वजनं पुन्हा टेबलावर आली आहेत.

सरांनी पंचाहत्तरी पूर्ण केली. त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावं, ते आणि काकू असेच पंच्याच्या दोन बाजूंना बसलेले आम्हाला दिसावेत, ही इच्छा मी या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात लिहिली होती. तो खर्डा बाजूला ठेवून, न पाहता, आज पुन्हा लिहिली. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. निकाल जुळतो आहे, सर.