डोक्यावरची शिकवणी

आमच्या जळोचीत किस्से गोळा करायला कुठं जावं लागत न्हाय. शिकाऊ विमानं सकाळपासनं डोक्यावर घिरट्या घालत्यात, किस्से आपसूक वरनं पडत्यात. ऐकून कान किटले, सांगून तोंड दुखलं. तरी सांगतो.

*

विमान आलं की बोलणं थांबवायचं, ही हितली रीतच झालीय. परवा शेजारचे दोघं भाऊ बांधावरनं भांडत व्हते. ऐन रंगात विमान आलं. दोघं हात वर धरून गप उभे! विमान गेल्यावर थोरला इचारतो, "आता शिवी द्यायची पाळी तुझी का माझी?"

*

आमची कारभारीण गच्चीवर कुरडया घालत व्हती. विमान इतकं खाली आलं की चालवणाऱ्याचा काळा चष्मा दिसला म्हणं. घाबरून ती बसली ती थेट ओल्या कुरडयांत!

मी हसलो. तितंच चुकलं. तिनं पिशवी भरली अन् इंदापूरला लेकीकडं गेली. जाताना म्हणली, "ह्यांचं शिकून झालं की बोलवा."

शिकून व्हतंय कवा? एक शिकला की दुसरा कच्चा येतोय! दोन महिनं झालं, मी माझ्या हातची करपलेली भाकरी खातोय.

*

मग आमी चार म्हाताऱ्यांनी विमानांच्या आवाजापायी सरकारी कचेरीत अर्ज केला. साहेब म्हणले, "आवाज स्वतः ऐकतो, कधी येऊ?" आमच्यातल्या तात्यानं शहाणपणा केला. "रविवारी या, समदी घरी असत्यात."

रविवारी विमानांनाबी सुट्टी! साहेब आले, मटण जेवले, लिंबाखाली बाजेवर आडवे झाले. चारला उठून म्हणले, "आबा, किती शांत आहे हो इथं! आवाज कुठाय?"

मी म्हणलो, "आत्तापत्तोर तुमीच करत व्हता की!"

इंदापूरला फोन लावून हे सांगितलं. बायको हसली न्हाय. "साहेबाला शांतता गावली. मला कवा गावायची?" म्हणली अन् फोन ठेवला.

*

गेल्या हप्त्यात दारात एक पोरगी आली. पाठीला बॅग, डोळे तांबारलेले.

"आजोबा, वरची खोली भाड्यानं द्याल का? आमची रूम धावपट्टीच्या कडेला आहे. विमानांच्या आवाजानं झोपच होत नाही हो."

"करतीस काय?"

"विमान चालवायला शिकते."

मी पायरीवरच बसलो. तिला तितंच उभी ठेवून इंदापूरला फोन लावला. समदं सांगितलं. "हाकलू का हिला?"

बायको म्हणली, "अवो, द्या खोली! ती झोपंल तेवढा येळ एक विमान तरी खाली राहील. अन् तिला म्हणावं, दुपारची झोप चुकवायची न्हाय. मी उद्याच्या एसटीनं येते. अंथरूण मीच घालते."