आईच्या हृदयाची झडप

मंडळी, आज भाचीसोबत हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते. "तुमची झडप दुरुस्त करू, नाहीतर बदलू," ते मला सहज म्हणाले. मला आई आठवली.

पन्नासच्या दशकात आम्ही अंबरनाथला राहायचो. आईची हीच झडप आकसली होती. चार पावलांत तिला धाप लागायची. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "छाती उघडून, बोटानं झडप रुंद करावी लागेल."

बाबा घाबरले. आईनं माझ्याकडे बघत एवढंच विचारलं, "मग मला हिला उचलता येईल?"

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तिनं मला खरंच कडेवर घेतलं. सात वर्षांची घोडी झाले होते मी!

पुढे झडप पुन्हा आकसली. तेव्हा आपल्याकडे ती बदलायची सोय नव्हती. आई गेली.

पंचाहत्तरी उलटली, तरी आज त्या कडेवर जावंसं वाटलं. तुम्हालाही वाटतं का असं?